टनाला तीस ग्रॅम

६ जानेवारी

परत मऊ! सलग तिसरी भट्टी. ट्रॉलीचा पोलादी ॲक्सल वरून एकदम कडक, आणि मधोमध कापून बघावं तर गाभा लोणी. लोणी म्हणजे आमच्या भाषेतलं लोणी. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात घातलं तर डोकंच फुटेल!

कागदावर सगळं बरोबर. कार्बन बरोबर, मँगनीज बरोबर, बोरॉन टनाला तीस ग्रॅम, तेही बरोबर. मालकांनी रिपोर्ट माझ्यासमोर धरला. "मॅडम, कागद पास आणि माल नापास, हे कसं?" मला माहीत असतं तर मी तिथे मान खाली घालून उभी राहिले असते का?

घरी आले तर बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत. मावशी म्हणाली, "सकाळी तुम्ही बसवून गेलात ना, तसेच आहेत." मावशी बाबांना सांभाळायला ठेवलेली, दिवसभर त्यांच्याजवळ असते. खोटं बोलणारी नाही. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

८ जानेवारी

बोरॉनचा मला राग आलाय. असा राग माणसाचा यावा.

पूर्वी आम्ही या ॲक्सलच्या पोलादात निकेल घालायचो, मॉलिब्डेनम घालायचो. महागडी मंडळी, पण शब्दाला पक्की. मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनात ऐकलं की बोरॉन चिमूटभर घातलं तरी तेच काम करतं. आणि करतंही! ते काय करतं, तर पोलादातल्या दाण्यांच्या कडांवर जाऊन बसतं. लालभडक ॲक्सल तेलात बुडवला की बाहेरचा भाग पटकन गार होतो, पण गाभ्याला वेळ लागतो. त्या वेळात गाभा मऊ व्हायला बघतो, आणि मऊपणाची सुरुवात नेमकी त्या कडांवरून होते. तिथे बोरॉन आधीच बसलेलं असेल तर मऊपणाला शिरकाव नाही. थोडा वेळ मिळतो, आणि तेवढ्यात गाभाही कडक होतो. बस. एवढंच काम. त्यासाठी टनाला तीस ग्रॅम पुरतात.

गेल्या वर्षी चाचणीच्या भट्ट्या सुरेख उतरल्या होत्या. आता बोरॉन कागदावर आहे, आणि कामात नाही.

१० जानेवारी

दादाचा फोन. आधी तब्येत, मग हवापाणी, मग मुद्दा. त्याने नदीपलीकडचं ते देखभाल केंद्र बघून ठेवलंय. खोली बोलून ठेवली. महिनाअखेर बाबांना तिथे न्यायचं.

"तू भट्टीवर आणि बाबा वाऱ्यावर," म्हणाला. हे वाक्य वहिनीचं असणार. दादाला यमक जुळवता येत नाही.

मी म्हटलं, मी दोन महिने रजा काढते, घरी राहते, बघते. तो म्हणाला, "काढ ना. कोण अडवतंय?"

११ जानेवारी

मालक अडवताहेत. "रजा? आधी ॲक्सल, मग रजा. या महिन्यात गाभा कडक करून द्या, मग दोन काय तीन महिने बसा घरी."

म्हणजे हिशेब सोपा आहे. गाभा कडक झाला तर बाबा घरी. नाही झाला तर बाबा नदीपलीकडे.

१२ जानेवारी

सकाळी बाबांच्या शर्टाची बटणं लावत होते. मान वर करून उभे होते, लहान मुलासारखे नाही, गिऱ्हाइकासारखे. चाळीस वर्षं लोकांना असं समोर उभं केलं त्यांनी, गळ्यात टेप, दातात टाचण्या. आमच्या अख्ख्या गल्लीचे कपडे बाबांच्या हातचे. एका दोऱ्यात बटण असं बसवायचे की कापड फाटेल पण बटण निघणार नाही. आता बोटं बटणाजवळ जातात आणि तिथेच थरथरत राहतात. काजं सापडत नाहीत.

आवाजही बसलाय. ओठ हलतात. मी कान तोंडाशी नेते आणि तोवर वाक्य संपलेलं असतं.

उन्हाळ्यापर्यंत बरे होते. कंपवाताची गोळी घेतली की अर्ध्या तासात हात मोकळा व्हायचा, चहाचा कप स्वतः धरायचे. पावसाळ्यात वजन घटलं म्हणून मी कंबर कसली. ताकदीची पावडर आणली, म्हशीचं दूध लावलं. आता सकाळ-दुपार-संध्याकाळ गोळी कुटून त्या दुधातच घालते. गोळी, पावडर, दूध, सगळं एका पेल्यात. मावशीलाही सोपं, विसरायला जागाच नाही. वजन तीन किलो वाढलं. हात मात्र दगड होत चाललेत. हा आजारच तसा, पुढे पुढेच जातो, सगळे म्हणतात.

१३ जानेवारी

बोरॉन वाढवायचं ठरवलं. तीसचे पन्नास. बघू.

१५ जानेवारी

डॉक्टरांकडे नेलं. बाहेर पाऊण तास, आत पाच मिनिटं. त्यांनी बाबांना बोटं उघडमीट करायला सांगितली. बाबांनी प्रयत्न केला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, की मला तसं वाटलं.

"गोळी जेवणाआधी देता ना?"

"हो, जेवणाच्या कितीतरी आधी."

"मग डोस वाढवू या."

संपलं. पाच मिनिटं तरी झाली होती का, देव जाणे.

१७ जानेवारी

आगीतून फुफाट्यात! पन्नास ग्रॅमवाल्या भट्टीचे ॲक्सल घणाखालीच कोपऱ्यांवर तडकले. बोरॉन जास्त झालं की त्याच कडांवर ठिसूळ थर साचतो, हे मला पाठ आहे, मीच नवीन मुलांना शिकवते. तरी केलं. आणि जे तडकले नाहीत ते गाभ्यात मऊच! जास्त घालूनही मऊ. पालथ्या घड्यावर पाणी.

फोरमनने तडकलेले ॲक्सल बाजूला रचले. भट्टीवर त्याची पंधरा वर्षं गेली, पण मी सांगेन ते करतो, उलट प्रश्न नाही. आज तरी विचारायचा होता एखादा.

१८ जानेवारी

बाबांना वाढीव डोसने मळमळतं. आज पेला मनगटाने ढकलला. दूध शर्टावर, लादीवर, माझ्या साडीवर. मी ओरडले. "बाबा, हट्ट नका करू! गोळी आहे त्यात!" त्यांनी डोळे मिटले. मी दुसरा पेला केला आणि पाजला. सगळा पाजला. मग कामावर उशिरा पोचले आणि तिथेही ओरडले.

मी अशी नव्हते.

१९ जानेवारी

काही नाही.

२० जानेवारी

मालकांनी तेलमास्तरांना टाकीवरून काढून गेटपासच्या खोलीत बसवलं. तेलमास्तर म्हणजे ज्यांच्या टाकीत आमचे लालभडक ॲक्सल बुडतात ते. मालकांचं म्हणणं, तेल जुनं, बुडवणं हळू, म्हणून गाभा मऊ. तेल बदललं. नव्या तेलातून काल माल काढला. मऊ.

तेलमास्तर प्रयोगशाळेच्या दारात आले. आत नाही आले. "मॅडम, रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय हे. तुम्हाला तरी पटतं का?"

मला पटत नव्हतं. मी म्हटलं, "बघते." गेला महिनाभर मी हा एकच शब्द बोलतेय. बाबांनाही हेच, दादालाही हेच.

२२ जानेवारी

दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. चांगल्या गाभ्यात नुसत्या बारीक सुया दिसायला हव्यात, गच्च, एकमेकींना छेद देणाऱ्या. आमच्या गाभ्यात सुया आहेत, आणि दाण्यांच्या कडांवरून पांढरी पट्टी पसरलीय. तोच तो मऊपणा. जिथे बोरॉनने पहारा द्यायचा तिथेच. म्हणजे बोरॉन तिथे नाही. मग मशीन कुठलं बोरॉन मोजतंय? हजेरीपटावर नाव आहे, माणूस जागेवर नाही.

एवढ्यापर्यंत डोकं चालतं. पुढे भिंत.

२३ जानेवारी

आज फलकाजवळून गेले. माझा फोटो अजून आहे तिथे. "उत्तम सूचना." दिवाणखान्यात लावावा असा फोटो आलाय खरं तर. सूचना पिशवीची. चाचणीनंतर एकदा लॅडलमध्ये, म्हणजे ज्या मोठ्या बादलीत भट्टीतला रस ओततात तिच्यात, बोरॉन टाकायचंच राहून गेलं होतं. प्रत्येक जण समजला दुसऱ्याने टाकलं. अख्खी भट्टी भंगारात. तेव्हा मी म्हटलं, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, बोरॉन, सगळं आधीच तोलून एका पिशवीत बांधा, रस पडायला लागला की पिशवी टाका. विसरायला जागाच नको. मालक खूश, टाळ्या, फोटो.

तेवढी एक गोष्ट तरी धड केली मी गेल्या वर्षभरात.

२५ जानेवारी

दादा रविवारी येणार. वहिनीही. "सामान फार नको देऊ," म्हणाला, "तिथे सगळं असतं."

आज मालकांकडे परत गेले. चार दिवस तरी रजा द्या म्हटलं. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते. ते ओरडले नाहीत. "मॅडम, ट्रॉलीवाल्यांनी पुढचा माल दुसरीकडे सांगितलाय. तुम्हीच सांगा मी काय करू." आम्ही दोघंही हात टेकून बसलो होतो, फक्त त्यांची खुर्ची मोठी.

२८ जानेवारी

मावशीने बाबांचे कपडे घड्या घालून ठेवले. बाबांनी एक शर्ट ओढून मांडीवर घेतला. त्यांनीच शिवलेला, कॉलरला दुहेरी शिलाई. बोटं शिलाईवरून फिरवायचा प्रयत्न चालला होता. बोटं फिरत नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं घासत बसले. ते स्वच्छच होतं.

३१ जानेवारी

नेलं.

खोली स्वच्छ आहे. खिडकीतून झाड दिसतं. तिथल्या मुख्य नर्स उंच, चष्मेवाल्या, घाईत. मी त्यांना सगळं सांगत होते, गोळी कुटून दुधात, पावडर दोन चमचे, नाही म्हणाले तरी पाजायचंच. "ताई, आमची पद्धत आहे. आम्ही बघतो," म्हणाल्या. बघतो! तो शब्द मला ऐकवू नका कुणी.

दादा गाडीत जाऊन बसला. त्याचेही डोळे लाल होते, ते मी पाहिलं, आणि माझा राग थोडा कमी झाला आणि मग परत वाढला. निघताना बाबांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. त्यांचे ओठ हलले. मी कान नेला. काही कळलं नाही. "पुढच्या रविवारी येते," म्हटलं. मनगटाने माझा हात जरासा ढकलला, पेला ढकलतात तसा.

घरी येऊन सवयीने दूध तापवलं. उतू गेलं.

२ फेब्रुवारी

आज कामावर नुसता तमाशा. ओतायची वेळ झाली तरी स्टोअरमधून बोरॉन आलं नाही! पिशवीत नुसतं ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम. फोरमनने थांबायला हवं होतं. पण रस गार व्हायला लागला म्हणून त्याने ओतायला घेतलं, तेवढी पिशवी टाकली, आणि लॅडल जवळजवळ भरल्यावर स्टोअरवाला धावत बोरॉन घेऊन आला, ते वरून भिरकावलं. थोडं बाहेर सांडलं. मी सगळ्यांसमोर फोरमनला नको नको ते बोलले. भट्टीच्या नंबरावर खडूने फुली मारली. टाकाऊ.

विश्लेषणात बोरॉन बावीस ग्रॅम. तीसही नाही. बरं झालं, म्हटलं, एवढंच राहिलं होतं.

४ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

फुलीवाल्या भट्टीचे ॲक्सल टाकाऊ म्हणून कुणी वेगळे काढलेच नाहीत, ते सरळ टाकीतून निघून कापायला आले. कापणारा म्हणाला, "मॅडम, पातं बसत नाही." मी म्हटलं, पातं बदल. बदललं. तरी बसेना. शेवटी कापला, घासला, भिंगाखाली धरला. सुया! काठापासून मधोमधपर्यंत नुसत्या सुया. पांढरी पट्टी शोधून सापडेना. बोरॉन सगळ्यांत कमी आणि गाभा सगळ्यांत कडक!

दोनदा दुसरा तुकडा कापायला लावला. तेच.

५ फेब्रुवारी

आज जाणूनबुजून तसंच केलं. आधी ॲल्युमिनियम. मग टायटॅनियम. बोरॉन अगदी शेवटी. संध्याकाळी गाभा कापला. कडक.

किती साधं! रसात नायट्रोजन असतोच. भंगारातून येतो, ओतताना हवेतून येतो. बोरॉन दिसलं की तो त्याला मिठी मारतो. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम आधी गेले तर ऑक्सिजन आणि नायट्रोजन त्यांच्यात गुंततात, आणि मागून येणारं बोरॉन मोकळं राहतं, कडांवर जाऊन बसतं. मी सगळं एका पिशवीत बांधलं. सगळे एकदम रसात पडले, आणि नायट्रोजनने बोरॉन वाटेतच धरलं. मशीनला काय, ते मोकळं मोजतं, बांधलेलंही मोजतं. म्हणून तीसही बरोबर, पन्नासही बरोबर, आणि गाभा मऊ. वाढवून काय होणार होतं!

पुस्तकात आहे हे. मी वाचलंय. परीक्षेत लिहिलंय. आणि माझ्याच पिशवीवर माझीच नजर गेली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. विसरायला नको म्हणून बांधली होती!

फोटो मीच काढला फलकावरून. फोरमनची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो लाजून पाठ खाजवत उभा राहिला. तेलमास्तर परत टाकीवर गेले. मी टाकीपाशी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "तेल तरी नवीन मिळालं." हसले. मला हसता आलं नाही.

मालकांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "घ्या आता रजा. हवी तेवढी!"

आता. आता म्हणतात.

६ फेब्रुवारी

उद्या रविवार. बाबांना भेटायला जायचं. भीती वाटते. रजा मंजूर आहे आणि घर रिकामं. घरी आणलं तरी काय करणार मी? तेच दूध, तीच खुर्ची. दादाच बरोबर असेल. भट्टीत एकदा काय आधी आणि काय नंतर ते कळलं की झालं. माणसाच्या आजारात असं काही नसतं. तो पुढेच जातो.

पावडरचा नवा डबा मात्र आणलाय. नर्सबाईंना देईन.

७ फेब्रुवारी

सकाळी निघतच होते. फोन वाजला. केंद्राचा नंबर. पलीकडून पुरुषाचा आवाज, स्वच्छ. "कोण बोलतंय?" विचारलं मी. खरंच विचारलं.

"अगं, मी. तुझा बाप. नंबर मीच फिरवला."

मी हातातल्या डब्यासकट दारातच बसले. ते बोलत होते. शब्द न् शब्द कळत होता. इथे पहाटे गोळी देतात, नुसत्या पाण्याबरोबर. दूध-बीध सगळं तासाभराने, नाहीतर दुधातली न् पावडरमधली प्रथिनं गोळीला वाटेतच धरतात, असं नर्सबाई म्हणाल्या. दोन-तीन दिवस झाले, हात सुटलाय. आज शर्टाची बटणं स्वतः लावली. सगळी.

"तुला सांगत होतो गं, दूध नको म्हणून. गोळीबरोबर नको. तुला ऐकू जात नव्हतं."

पावडरचा डबा माझ्या मांडीवर होता.

"रडू नकोस. डोस समजून घे त्या नर्सबाईंकडून. आणि पोरी, घरी कधी नेतेस?"